आडनाव डावा कोपरा

बाळकुमला आम्ही खोली बघायला गेलेलो तेव्हा घरमालकीण ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. साठीची बाई, काळीसावळी, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. मागे तिची तीन मजली इमारत. तिने मान वर न करता विचारलं, "किती मानसा?"

"दोघंच," मी म्हणाले. "मी लॅबमध्ये आहे, रक्त तपासते. हे कुरियरमध्ये."

पुढचा प्रश्न मला पाठ झाला होता. लग्नाला तीन महिने झालेले आणि त्या तीन महिन्यांत ठाण्यात आम्हाला तीन खोल्या पसंत पडल्या होत्या. तिन्ही ठिकाणी चहा झाला, मग आडनाव विचारलं गेलं, आणि मग खोली आदल्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकल्याचं त्यांना आठवलं. आम्ही कल्याण पूर्वेची बौद्ध घरातली माणसं. असं काही घडलं की चिडायचं नाही, शांतपणे चपला घालायच्या, हे आम्हाला घरूनच शिकवलेलं. त्या दिवशीही माझं अर्धं लक्ष चपलांकडे होतं.

"दम किती हाय तुझा?" ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"कबड्डी बोल. एका दमान. मी मोजते."

नवऱ्याने घसा खाकरला. "तुला नाय इचारला," ती त्याला म्हणाली. मी पदर सावरला आणि परक्या दारात उभी राहून कबड्डी कबड्डी सुरू केलं. ती एकेक तांदूळ सुपातून बाजूला सरकवत मोजत होती. चौदा तांदळांवर माझा दम सुटला.

"चौदा. कमी हाय. पन येल हलूहलू," ती म्हणाली. "सामान कवा आनता?"

आम्ही त्या खोलीत साडेसहा वर्षं राहिलो.

तिला सगळे आय म्हणत. तिच्या आगरी बोलीत शब्दाच्या मधल्या ड चा र व्हायचा आणि ळ चा ल. गाडीची गारी, घोड्याचा घोरा, खेळाचा खेल. फक्त कबड्डीतला ड मात्र जागचा हलत नसे. तो शब्द ती शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ उच्चारायची.

इमारतीच्या बाजूला तिची एक मोकळी पट्टी होती. दोन्ही मुलगे त्या पट्टीकडे आशेने बघत, कारण आजूबाजूला टॉवर उठत होते आणि गाड्या लावायला जागा उरली नव्हती. आयने तिथे लाल माती टाकून, चाळून, चोपून कबड्डीचं मैदान केलं होतं. मातीत ती जाडं मीठ मिसळायची. मिठाने ओल टिकते, माती धरून राहते, धूळ उडत नाही, असं तिचं म्हणणं. तसं होतही असावं, कारण आमचं मैदान मे महिन्यातही भुसभुशीत झालं नाही. मात्र गुडघा खरचटला की डोळ्यांतून पाणी यायचं. "मिठान घाव लवकर भरतो," असं म्हणून ती दुसऱ्या गुडघ्याकडे बघायची.

खेळणार कोण, तर भाडेकरणी. दिव्याहून आलेली एक होती. तिकडे नळाला पाणी नव्हतं म्हणून चार वर्षं रोज चार मजले हंडे चढवलेली. तिने एकदा मनगट धरलं की सोडवून घ्यायला तिची परवानगी लागायची. एक खडवलीची, झेडपीच्या शाळेत शिकवणारी. एक घरगुती डबे करणारी. माझ्यासारख्या नोकरीवाल्या आणखी दोघी. आणि सातवी आयची थोरली सून, जिला कोणी विचारलंच नव्हतं. रोज संध्याकाळी साडेपाचला आय ओट्यावरून शिट्टी वाजवायची. ज्या घरी असतील त्यांनी सलवार-कमीज घालून खाली यायचं. गॅसवर भाजी आहे म्हटलं तर म्हणायची, "गॅस बंद होतो."

ती स्वतः कधी खेळलेली नव्हती. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिचं माहेर खाडीपलीकडचं, बापाचं मिठागर. ती दहा-बारा वर्षांची असताना दुपारच्या सुट्टीत गावातली पोरं बांधाजवळच्या सपाट जागेत हुतूतू खेळायची. मुलींनी टोपल्या घेऊन बाजूला उभं राहायचं. ही उभी राहायची आणि कोणाचं काय चुकलं ते मनात धरून ठेवायची. मग मिठाची टोपली डोक्यावर घेतली की आगरातून राशीपर्यंत एका दमात हुतूतू म्हणत जायची, ओठांतल्या ओठांत, कोणाला ऐकू जाणार नाही असं. रास रोज वेगळ्या जागी असायची, त्यामुळे अंतर कधी कमी, कधी जास्त. "दम तसाच वारला माझा," ती सांगायची, म्हणजे वाढला. लग्न होऊन ती बाळकुमला आली, शेतात राबली, मग शेताच्या जागी इमारती आल्या. मधल्या चाळीस वर्षांत गावातला एकही सामना तिने चुकवला नाही, आणि एकदाही तिने रेषेच्या आत पाय ठेवला नाही. बायकांनी बघायचं असे.

बघून बघून या खेळाबद्दल तिने पुष्कळ साठवलं होतं. पूर्वी हुतूतूचे तीन प्रकार खेळले जायचे, हे मला तिच्याकडून कळलं. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येतो, आजची कबड्डी तीच. गामिनीत एकदा बाद झाला की तो संपला, डाव संपेपर्यंत बाहेर. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही. समोरच्याला गुण मिळतो, हा आपला खेळत राहतो. आय एवढ्यावर थांबली नव्हती. "मानसाच्या जाती पन तीनच," ती म्हणायची, आणि सगळ्या गावाची तिने तशी वाटणी केलेली. नोकरी गेल्यापासून घरात बसून राहिलेला शेजारचा माणूस गामिनी. तिचा वारलेला नवरा अमर. "जनमभर बाद होत रायला, पन मैदान सोरला नाय." हे ती प्रेमाने म्हणायची की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. मला ती संजीवनी म्हणायची. "तुला कोनीतरी गुन मिलवून आत आनलाय. आता तू कोनाला आनतेस ते बघ."

समोरचा अख्खा संघ बाद केला की त्याला लोण म्हणतात. लोण म्हणजे मीठ, तेव्हा हा खेळ मिठागरातच जन्मला याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बांधांनी आखलेले मिठाचे चौकोन म्हणजेच पहिलं मैदान. खडवलीच्या बाईंनी एकदा पुस्तकात वेगळं लिहिलंय असं सुचवून पाहिलं. आय म्हणाली, "पुस्तक लिवनारा आगरान उतरलेला का?" विषय संपला.

क्रिकेटबद्दल तिचं मत वाईट नव्हतं, फक्त तिला त्या लोकांची दया यायची. चेंडू गटारात गेला की खेळ बंद. आमच्या खेळात हरवण्यासारखं काही नसतं, ना बॅट, ना चेंडू, ना जाळी. आणखी एक गोष्ट ती वारंवार सांगायची. बाहेर सात जण मिळून एकाला धरतात तेव्हा त्या एकाचं काही खरं नसतं. कबड्डीत मात्र तो एक स्वतःहून सातांच्या घरात शिरतो, आणि सातांनाच भीती असते. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये एक डॉक्टर माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडायचे, तेव्हा मी हे आठवून सरळ त्यांच्या केबिनमध्ये शिरले होते. बोलून, काम करून घेऊन परतही आले.

आज ती पंचाहत्तरीला टेकली आहे. आम्ही कल्याणला स्वतःच्या घरात गेलो त्याला आठ वर्षं झाली. मैदान अजून आहे. मुलांनी एका कडेला दोन गाड्यांपुरती जागा मिळवली, बाकीच्या पट्टीत समोरच्या टॉवरमधल्या मुली येतात. आय प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, पाय आता साथ देत नाहीत. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. माझी मुलगी विचारते, आई, तुझी ती कोण लागते? घरमालकीण म्हणावं तर अपुरं वाटतं. मग मी तिला त्या सामन्याची गोष्ट सांगते.

गावातलं मंडळ दरवर्षी हनुमान जयंतीला पुरुषांची कबड्डी स्पर्धा भरवायचं. आम्ही राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. आय मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेली आणि बायकांचा सामना ठेव म्हणाली. तो तिच्याच भावकीतला, तिला नाही म्हणणं त्याला जड. त्याने मधला मार्ग काढला. पुरुषांच्या फायनलआधी पाहुणे यायला वेळ असतो, तेवढ्यात एक प्रदर्शनीय सामना होऊन जाऊ दे. डोंबिवलीच्या एका कॉलेजच्या मुलींचा संघ त्याने बोलावलाही.

दोन दिवसांनी तो यादी घ्यायला आला. आम्ही सराव करून ओट्याखाली पाणी पीत होतो. त्याच्याबरोबर गावातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि आयला म्हणाले, "वहिनी, शर्टावर गावाचा नाव लागनार. या तर सगल्या भारोत्री. उद्या कोनी इचारला तर काय सांगायचा?"

"काय इचारनार?"

"कोन हायेत, कोनच्या घरातल्या." ते जरा थांबले. "नावा लिवताना आरनावा तरी लागतीलच ना."

मी ग्लास खाली ठेवला. दिव्यावालीने माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात हा प्रश्न आला होता आणि मला माझा चेहरा कुठे लपवावा ते कळेना.

आय उठली. सेक्रेटरीला म्हणाली, "लिव." मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मातीने भरलेला होता. "ही डावा कोपरा." मैदानातली माझी जागा ती.

"आय, आडनाव..." सेक्रेटरी अडखळला.

"आरनावच सांगते. आरनाव डावा कोपरा. लिव. ही दिव्याची, आरनाव उजवा कोपरा. ही मास्तरीन, आरनाव मधली फली." सातही जणींजवळ जाऊन तिने हात ठेवत नावं सांगितली, सुनेलाही वगळलं नाही. मग त्या गृहस्थांकडे वळली. आवाज चढवला नव्हता. "भावजी, तुमी या मातीन कवा परलाव? या रोज परतान. जी माझे मातीन परली ती गावची."

सेक्रेटरीने खरंच तसं लिहून घेतलं. शर्टांवर पुढे गावाचं नाव आलं आणि मागे नुसते आकडे. माझा तीन नंबर. तो शर्ट मी अजून ठेवला आहे.

सामन्याच्या आदल्या दिवशी सुनेचा पाय जिन्यावर मुरगळला. घोटा एवढा सुजला की तिला उभंही राहवेना. सहा जणी उरल्या. सामना रद्द करावा लागणार असं आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आय खाली आली ती लुगड्याचा काष्टा मारून आणि वरून सुनेचा सात नंबरचा शर्ट घालून.

पंच तरुण होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आजी, तुम्ही खेळणार?"

"वय जास्त नको असा कुठं लिवलाय?"

खुल्या गटाला वरची वयोमर्यादा नाही, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही. त्यांनी नखं तपासली, बांगड्या काढायला लावल्या. तिच्या हातातल्या पाटल्यांनी साबण लावूनही थोडा त्रास दिला. तेवढ्यात डोंबिवलीच्या मुली आल्या. सगळ्या एकोणीस-वीसच्या, गुडघ्यांना पट्टे, पायात बूट. त्यांची कॅप्टन उंच, केस बारीक कापलेले. तिने येऊन आयला वाकून नमस्कार केला.

"पाया परलीस, चांगला केलास," आय म्हणाली. "आता पाय धरायचा पन. इसरू नको."

कॅप्टन हसली. तिला ती गंमत वाटली.

सुरुवातीलाच आम्ही मागे पडलो. त्यांचा वेग आमच्या कल्पनेपलीकडचा होता. आठ-नऊ मिनिटांत आमच्यावर एक लोण चढलं. माणसं मोबाइल बघायला लागली, कोणी तरी माइकवरून पाहुण्यांची नावं वाचत होतं. मग आय चढाईला गेली.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा मध्यरेषा ओलांडत होती. ते फक्त आम्हाला माहीत होतं. कबड्डी कबड्डी, स्वच्छ ड. उजवीकडे सरकली, परत डावीकडे, वाकलेली, एक हात पुढे. आणि समोरच्या सातही मुली मागे मागे जात राहिल्या. कोणी साखळी केली नाही, कोणी पायाकडे झेपावलं नाही. त्यांच्या चेहऱ्यांवर आपल्या आजीला रस्ता ओलांडून देताना असतं तसं हसू होतं. ती एकीच्या अगदी जवळ गेली. त्या मुलीने चक्क हात मागे घेतले. आयने हात लांबवला असता तर गुण सहज मिळाला असता.

ती थांबली. कबड्डी म्हणायची थांबली.

"धरा ना मना," ती म्हणाली. "मी काय देव हाय? चालीस वरसा बाहेर उभी रायली. आता आत आले तं तुमी धरीत नाय?"

पंचांनी शिट्टी दिली. दम तुटला, चढाईवाली बाद. पंचांचाही आवाज बारीक झालेला. तिने स्वतः हात वर केला आणि चालत बाहेर जाऊन बसली. नियम तो नियम.

पुढची चढाई त्यांच्या कॅप्टनची. मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. मला एवढंच दिसत होतं की आय बाहेर बसली आहे आणि ती आत यायची असेल तर आम्हाला एक गुण हवा. कॅप्टनने बोनस गुणासाठी मागच्या रेषेपलीकडे पाय टाकला, माझ्या कोपऱ्यात. मी घोट्यावर झेप घेतली. ती मला ओढत न्यायला लागली, तोंडात माती गेली, पण दोन हात मी सोडले नाहीत. तेवढ्यात दिव्यावाली तिच्या कमरेवर येऊन पडली, आणि मग काही प्रश्न उरला नाही.

आय जिवंत होऊन आत आली. माझ्या पाठीवर एक धपाटा मारला आणि जागेवर उभी राहिली.

त्यानंतर खेळ बदलला. डोंबिवलीच्या मुलींचं हसू गेलं. उत्तरार्धात आयने एका मुलीचा घोटा असा धरला की त्या मुलीला आपण खाली कधी आलो तेच कळलं नाही. चाळीस वर्षं बाहेरून बघितलेला घोटा होता तो. ती ज्या पायावर भार टाकणार, तो पाय आयला आधी माहीत होता. पुढच्या चढाईत आय पुन्हा आत गेली. या वेळी चौघींनी साखळी केली, कॅप्टनने मांडी धरली, आणि तिला धाडकन खाली पाडलं. लोक उभे राहिले. तिचा मुलगा दोरीखालून आत धावला. ती कोपरावर उठून बसली, कोपर सोललेलं, शर्टाची बाही फाटलेली. पंच विचारत होते, लागलं का. ती त्या चार मुलींकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरचा आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"आता खेल झाला," ती म्हणाली.

आम्ही अकरा गुणांनी हरलो. पुढच्या वर्षीपासून मंडळाने बायकांचा गट रीतसर ठेवला, आणि दोन वर्षांनी आम्ही एक सामना जिंकलोही. पण माझ्या लेकीला मी हरल्याचीच गोष्ट सांगते. त्या अकरा गुणांची मला कधी लाज वाटली नाही. आमच्या लॅबमधल्या कपाटात मी त्या दिवसाचा फोटो लावला आहे. सात जणी, सगळ्या मातीने माखलेल्या, एकीचंही तोंड ओळखू येत नाही.

सामना संपल्यावर मंडळींनी घाईने शाल आणि नारळ मागवला. तोपर्यंत पाहुणे आले होते आणि म्हाताऱ्या बाईचा सत्कार ही कल्पना सगळ्यांनाच पसंत पडली होती. सेक्रेटरी माइकवरून म्हणाला, आमच्या ज्येष्ठ माता-भगिनींनी व्यासपीठावर यावं. आय तिथे नव्हती. तो पुन्हा म्हणाला. पाहुणे शाल उघडून हातात धरून उभे होते, बाजूला फोटोवाला तयार.

मी शोधायला मागे वळले. मैदानाच्या त्या टोकाला डोंबिवलीच्या सातही मुली मातीत गोल करून बसल्या होत्या. मध्ये कॅप्टन, एक पाय लांब केलेला, बूट काढलेला. तीच आयकडे आली होती. म्हणाली होती, "आजी, तो घोटा कसा धरलात? आमच्या सरांनी असं कधी दाखवलं नाही." आय तिच्यासमोर फतकल मारून बसलेली, सोललेल्या कोपराकडे लक्ष नाही, तिचा घोटा दोन्ही हातांत घेऊन अंगठा कुठे यायला पाहिजे ते दाखवत होती. एक मुलगी मोबाइलवर ते टिपून घेत होती.

"आय, स्टेजवर बोलावतायत," मी म्हणाले. "शाल आहे."

माइकवरून तिसऱ्यांदा तिचा पुकारा झाला. तिने मान वर केली नाही.

"त्यांना सांग, थांबा जरा," ती म्हणाली. "पोरी शिकतान."